एका घरची जोडी

माझा दीर चंद्रभान मनाने वाईट नव्हता, जिभेने मात्र आगाऊ होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्याचा खाक्या. मी लग्न होऊन सावनेरजवळच्या त्या गावात आले तेव्हा त्याला मिसरूडही फुटलेलं नव्हतं, म्हणून मी त्याला पहिल्यापासून अरे-तुरेच करत आले. दुसऱ्याच दिवशी तो मला म्हणाला होता, "वहिनी, तुमी दिसता तर शांत, पण तवा लय जोरानं आपटता." खोटं नव्हतं ते. तवा मी आजही जोरानेच आपटते, आणि हे सांगतानाही एखाद्या वेळी आपटला जाईल. वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

आमच्या घराला लागून चंपतरावांचं घर होतं. मध्ये फक्त कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं कुंपण. त्यांना गोपिका ही एकच मुलगी, मुलगा नाही. त्यामुळे गोठ्यातलं शेण, चारापाणी, वेसण, कासरा हे सगळं तिच्याच हाती आलेलं. गावातल्या बाया नाकं मुरडायच्या, पण चंपतरावांना त्याचं काही नव्हतं. "पोरगी तेच, पोरगा बी तेच," म्हणायचे.

दुष्काळ सरला त्या वर्षी त्यांची गवळाऊ गाय व्याली आणि चार दिवसांत गेली. मागे पांढरा गोऱ्हा राहिला, मांडीएवढा. आमचीही गाय नुकतीच व्यालेली. गोपिका ते पिल्लू काखेत घेऊन कुंपणातून सरळ आमच्या गोठ्यात आली आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाली, "देवराव मामा, याले तुमच्या गाईखाली लावू द्या. नाई त मरते हा."

परकं वासरू गाय सहज घेत नाही, लाथ मारते. माझ्या सासूने त्या गोऱ्ह्याच्या पाठीवर मीठ चोळलं. गाय चाटू लागली, चाटता चाटता पान्हा सोडला, आणि दोन्ही गोऱ्हे दोन बाजूंनी लागले. आमच्या गोऱ्ह्याच्या कपाळावर टिकली होती, तो चांद्या. गोपिकाच्या गोऱ्ह्याच्या खांद्यावर राखेसारखी झाक होती, तो पाखऱ्या. एका गाईच्या दुधावर दोघे वाढले. एकाला बांधलं की दुसरा हंबरायचा.

मग गोपिका सकाळ-संध्याकाळ आमच्याकडे येऊ लागली. आधी पाखऱ्याला दूध पाजायला, मग दूध तुटल्यावर नुसतीच. हाताच्या काकणाला आरसा कशाला? चंद्रभान ढेप, म्हणजे सरकीची पेंड, भिजवायचा आणि चांगला मऊ भाग पाखऱ्यापुढे ठेवायचा, चांद्याला खालचा गाळ. स्वतःचा बैल सोडून माणूस दुसऱ्याच्या बैलाला चांगली ढेप केव्हा घालतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी एकदा बोलूनही दाखवलं.

"त्याचं पोट नाजूक आहे, वहिनी," तो म्हणाला.

"कोणाचं? पाखऱ्याचं का त्याच्या मालकिणीचं?"

तो कानापर्यंत लाल झाला आणि बादली घेऊन विहिरीकडे गेला.

गोपिका मात्र लाजणाऱ्यातली नव्हती. एकदा माझ्याबरोबर गोवऱ्या थापताना तिने हात न थांबवता सांगून टाकलं. "वहिनी, मले या कुंपणाच्या इकडं यायचं आहे. अजून कुठंच नाई."

"बापाला सांगितलंस?"

"त्यायले समजते. पण माह्या बापाचं तुमाले ठाऊक आहे. कापूस निघू दे म्हणते, मंग पोळा होऊ दे म्हणते. होईन म्हणा."

यात अडचण अशी काहीच नव्हती. दोन्ही घरं कुणब्यांची, कुळी वेगळी, शेतं लागून. एकुलती एक मुलगी डोळ्यांसमोर राहील, याहून चंपतरावांना काय हवं होतं? दोघा म्हाताऱ्यांच्या मनात होतं, फक्त तोंडातून निघायचं होतं. आमच्याकडे असंच असतं. जे बोलायचं ते महिनोन् महिने गिळून बसतात आणि जे बोलायचं नाही ते बोलून मोकळे होतात.

गोऱ्हे तीन वर्षांचे झाले. चंद्रभान आणि गोपिकाने मिळून त्यांना जुवाखाली चालायला शिकवलं. त्यात एक खोड राहून गेली. पाखऱ्या फक्त गोपिकाचं ऐकायचा. चंद्रभानने तुतारीची टोकदार काठी टोचली, शेपटी पिरगाळली, गोड बोलला, तरी तो ढिम्म. गोपिकाने नुसतं "चाल माह्या राजा" म्हटलं की उचललाच पाय. आणि पाखऱ्या हलला नाही तर चांद्याही हलायचा नाही. गाडी भरून उभी असली की चंद्रभान कुंपणावरून हाका मारायचा, "गोपिका, तुह्या राजाले सांग वं." ती पीठ लागलेल्या हातांनी यायची, दोन शब्द बोलायची, गाडी निघायची. सगळं गाव हसायचं.

शहात्तर सालच्या हिवाळ्यात ग्रामसेवकाने सांगितलं की नागपूरला जनावरांचं मोठं प्रदर्शन आहे, जिल्हाभरातून माणसं येणार. तरुण पोरापोरींनी स्वतः वाढवलेल्या जनावरांचा एक वेगळा गट होता, त्यात गोऱ्ह्यांच्या जोडीला बक्षिसाची ढाल. चंद्रभान इतका पेटला की पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही. शिंगं घासायची, खूर तासायचे, पाठ तेलाने चोळायची. आमच्या घरातलं जवसाचं तेल बैलांच्या पाठीवर गेलं आणि आम्ही कोरड्या चटणीशी भाकरी खाल्ली. तेव्हा मी तवा दोनदा आपटला.

नागपूरच्या इतवारीतले ढेपेचे व्यापारी ताराचंद शेठ यांचा ट्रक आमच्या गावी ढेप टाकून रिकामा परत जायचा. त्यात बैल चढवले. चंद्रभान आणि गोपिका बैलांपाशी मागे उभे, सासरे आणि चंपतराव पोत्यांवर बसलेले, आणि मी. पोरीबरोबर सोबतीला बाई हवी म्हणून मला नेलं. मला तरी काय, नागपूर बघायला मिळत होतं.

ताराचंद शेठनी दुकानापाशी ट्रक थांबवला. हातगाड्या, हमाल, पोती, त्यात आमचे दोन बैल वरून माना काढून इतवारी बघत होते. गोपिका आणि मी झुलीसाठी कापड आणायला गेलो. लाल कापड, कडेला पिवळी पट्टी. दुकानदार म्हणाला दोन तुकडे वेगळे घ्या, पण गोपिकाला एकच लांब कापड हवं होतं. तिने समोर उभं राहून ते मधोमध फाडून घेतलं आणि एक तुकडा चांद्याच्या पाठीवर, एक पाखऱ्याच्या पाठीवर टाकला. चंद्रभान मध्येच कुठेतरी गायब होता. आला तो मला ट्रकच्या मागे घेऊन गेला आणि कागदाची पुडी उघडून दाखवली. आत हिरव्या लाखेच्या बांगड्या.

"ढाल भेटली का देतो तिले," तो म्हणाला. "दोघं बुढे खुशीत असतीन. तवाच बोलतो मी. वहिनी, तुमी फक्त जवळ उभ्या राहा."

"आणि ढाल मिळाली नाही तर?"

"काहून नाई भेटन?"

एवढंच त्याचं गणित होतं. ढाल, मग बांगड्या, मग लग्न.

मैदानावर मांडव, लाउडस्पीकर, धूळ, चहाच्या टपऱ्या. काटोलच्या म्हशी, उमरेडच्या शेळ्या, कुठल्या कुठल्या गावचे कोंबडे. शाळेतल्या पोरी बकऱ्यांच्या गळ्यात रिबिनी बांधून उभ्या. सासरे आणि चंपतराव ऑइल इंजिनचे पंप बघायला गेले ते गेलेच. इकडे आमच्या गटाची वेळ झाली आणि आम्ही फाटकापाशी गेलो. तिथे कोटाला फूल लावलेले एक बाबू बसले होते.

"जोडी कोणाची?"

"आमची," चंद्रभान म्हणाला.

"आमची म्हणजे? एका घरची पाहिजे. जोडी एका घरात वाढलेली, आणि धरणारेही त्याच घरचे. व्यापारी बाजारातून बैलाला बैल जोडून आणतात, पोरांच्या हाती देतात आणि बक्षीस घेऊन जातात. म्हणून नियम केला आहे. ही कोण तुमची?"

त्यांनी बोट केलं ते गोपिकाकडे. मागे लोक ढकलत होते. चांद्या पुढच्या म्हशीला बुजत होता. चंद्रभानने श्वासही घेतला नाही.

"बहीण आहे माही. चुलत बहीण. एकाच घरचे आहो आमी."

बाबूंनी मान डोलावली. "जा."

मी दहा पावलं मागे होते, बैलांच्या पाण्याची बादली धरून. मला कोणी काही विचारलं नाही. गोपिकाने तोंडावर पदर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते, हसत होती ती. आत गेल्यावर तिने त्याला कोपरखळी मारली. "काहून गा, भाऊ?" म्हणाली आणि पुन्हा हसली. तेव्हा ते आम्हाला तिघांनाही विनोदाचं वाटलं. बैल एकाच गाईचं दूध प्यालेले, मग घर एकच म्हणायला काय हरकत?

रिंगणात दहा-बारा जोड्या होत्या. तपासणारे साहेब वाकून खूर बघत, दात बघत, पाठीवर हात फिरवत. मग म्हणाले, चालवून दाखवा. चंद्रभानने कासरा हलवला. पाखऱ्या उभा. लोक हसले. चंद्रभानच्या कपाळावर घाम आला. मग गोपिका पाखऱ्याच्या कानाशी झाली आणि हळूच म्हणाली, "चाल माह्या राजा." दोन्ही गोऱ्ह्यांनी एकदम पाय उचलला. लाल झुली सारख्या हलत होत्या, माना सारख्या, पावलं सारखी. हसणारे गप्प झाले. मला रडू येईल असं वाटलं, इतकी ती चौघं सुंदर दिसत होती.

ढाल आमच्याच जोडीला मिळाली.

लाउडस्पीकरवर गावाचं नाव आलं तेव्हा मी पाण्याची बादली सांडली. सासरे आणि चंपतराव पळत आले, पंपाचे कागद अजून हातात. आमच्या गावची आणि तालुक्याची माणसं बरीच आली होती, सगळी मंचापुढे गोळा झाली. बैलांना मंचाखाली उभं केलं. मोठ्या साहेबांच्या पत्नी आल्या होत्या, सोन्याच्या काठाची साडी, हसरा चेहरा, मनाने चांगल्या असणार. त्यांनी आधी बैलांना कुंकू लावलं, ओवाळलं. सांगणारा माणूस लाउडस्पीकरवर म्हणाला, "एका घरच्या बहीण-भावाने वाढवलेली ही जोडी." बाईंना ते फार आवडलं. त्यांनी आरतीचं ताट गोपिकाच्या हातात दिलं.

"असा भाऊ, अशी बहीण," त्या म्हणाल्या. "ओवाळ ग भावाला. सगळ्यांना बघू दे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गोपिकाचं हसू तिथेच संपलं. ताट हातात धरून ती उभी राहिली. निरांजनाच्या उजेडात मला तिचा चेहरा नीट दिसत होता. तिने चंद्रभानकडे बघितलं. बोल, असं ती बघत होती. एका शब्दाचं काम होतं. बाई, ही माझी बहीण नाही. ढाल गेली असती, लोक हसले असते, बाबू रागावले असते. बाकी काही बिघडलं नसतं.

चंद्रभानने ढालीकडे बघितलं. ती टेबलावर होती, चकचकीत, मध्ये बैलाचं डोकं. मग तो तिच्याकडे वाकला आणि पुटपुटला. मी जवळच उभी होते, मला ऐकू आलं.

"ओवाळ वं. नाटक आहे. घरी गेल्यावर कोण इचारते?"

तिने कुंकवात बोट बुडवलं आणि त्याच्या कपाळावर टेकवलं. अक्षता लावल्या. ताट फिरवलं, एकदा, दोनदा, तीनदा. आमच्या गावची माणसं बघत होती, चंपतराव बघत होते.

"भाऊसाहेब, ओवाळणी टाका," लाउडस्पीकर म्हणाला. "फुकट नाही."

पुन्हा हशा. चंद्रभानने खिसे चाचपले. हाती आली ती बांगड्यांची पुडी. त्याला थांबता आलं असतं. पण सगळे बघत होते, आणि त्याला सगळ्यांनी बघितलेलं फार आवडायचं. त्याने कागद सोडला आणि हिरव्या बांगड्या ताटात ठेवल्या. बाई म्हणाल्या, "किती प्रेमळ भाऊ आहे."

परतीच्या ट्रकमध्ये ढाल चंद्रभानच्या मांडीवर होती. समजावायचा प्रयत्न त्यानेच केला. चंपतरावांना म्हणाला, "काका, ते फाटकावर बाबू आडून बसला होता, म्हणून म्हणावं लागलं." चंपतराव रस्त्याकडे बघत राहिले. गोपिका पाखऱ्याच्या मानेला टेकून उभी होती. बांगड्या तिने ओच्यात बांधल्या होत्या.

गावात वाजतगाजत स्वागत झालं. ढाल ग्रामपंचायतीत खिळ्याला लटकवली. पुढचे दोन महिने कोणी आलं की, "भाऊ-बहिणीनं गावाचं नाव काढलं" हेच. सांगणारे सगळे जाणते लोक. पोरगी चंपतरावांची आणि पोरगा देवरावांचा हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच? पण ज्याने त्याने डोळ्यांनी बघितलं होतं.

चंद्रभानला आधी ते काही वाटलंच नाही. कापूस घरी आला तशी त्याने बापाजवळ गोष्ट काढली. मी चुलीपाशी होते. सासरे जेवता जेवता थांबले.

"कोणाशी?"

"गोपिकाशी."

सासऱ्यांनी ताटाला नमस्कार केला आणि उठले. भूक होती त्यांना, मला माहीत आहे, मी अर्धीच भाकरी वाढली होती. "तिनं तुले भाऊ म्हणून कुंकू लावलं," ते म्हणाले. "देवाच्या निरांजनासमोर. तू ओवाळणी टाकली. आता तिच्याच गयात लग्नाचा हार घालतं?"

"ते खोटं होतं, बाबा."

"तुहं बोलणं खोटं असन. कुंकू खोटं नाई."

चंपतरावांचंही तेच. आणि ते कपटाने बोलत नव्हते, हे मला नीट सांगायचं आहे. त्यांना मुलगी जवळ हवी होती, चंद्रभान हवा होता. माझ्यासमोर त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. पण आमच्या भागात मानलेल्या भावाला सख्ख्याच्या वर धरतात. कोणी बाईने एकदा कोणाला ओवाळलं की त्या दोन घरांत मुलाबाळांची सोयरीकसुद्धा करत नाहीत, इथे तर खुद्द त्या दोघांचीच सोयरीक होती. मला विचाराल तर मला ते पटलं नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. मी सासऱ्यांना स्पष्ट म्हटलं, "मामंजी, पोरांनी पोरखेळ केला, त्याची एवढी शिक्षा?" सासरे म्हणाले, "सूनबाई, भाकरी करपली." म्हणजे गप्प बस.

मग चंद्रभान पेटला. ग्रामपंचायतीसमोर सगळे बसलेले असताना तो आत गेला, खिळ्यावरून ढाल काढली आणि बाहेर आणून धुळीत टाकली. "मी खोटं बोललो," तो ओरडला. "ती माही बहीण नाई. ढाल वापस नेऊन देतो. साऱ्या जिल्ह्यासमोर सांगतो." बैल गेला आणि झोपा केला. पण केला, हेही मी त्याच्या बाजूने सांगते. त्याचा आवाज फाटला होता.

कोणी त्याला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. गणपतराव नावाचे एक म्हातारे उठले, ढाल उचलली, धोतराला पुसली आणि परत लटकवली. "पोरा," ते म्हणाले, "ढाल वापस जाते. ओवायणं कसं वापस करतं?"

त्या दिवशी संध्याकाळी तो कुंपणापाशी उभा राहिला. गोपिका पलीकडे शेण काढत होती. मी वाळवण काढत होते आणि मुद्दाम आत गेले नाही.

"आपण निंघून जाऊ," तो म्हणाला. "नागपूरले. लकडगंजात मले काम भेटन."

 तिने फावडं खाली ठेवलं, हात धुतले.

"मी तुह्याकडं पाह्यलं होतं," ती म्हणाली. "ताट हातात धरून. पाह्यलं होतं का नाई?"

"पाह्यलं होतं."

"तवा मी तुह्यासंगं कुठंबी आली असती. तवा तुनं ढालीकडं पाह्यलं."

तो काही तरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही.

"माह्या बापाले पोरगा नाई. मी पयून गेली त त्याले कोणी नाई राह्यत. आन् चंद्रभान, माह्यानं आता होत बी नाई. डोये मिटले का माहं बोट तुह्या कपायावर दिसते. मी काय करू?" आणि मग ती रडली, मोठ्याने, लहान मुलीसारखी, आणि दोघांच्या मध्ये ते हातभर उंचीचं कुंपण होतं. कोणीही ओलांडलं असतं. तो ओलांडून गेला नाही. आता जायचं कसं, हेच त्याला कळत नव्हतं.

वैशाखात तिचं लग्न झालं. मुलगा काटोलकडचा, रुपराव. चांगला होता, संत्र्याची बाग, शांत स्वभाव. त्याच्यात काही खोट काढावी म्हणून मी दोन दिवस शोधलं, सापडली नाही.

अंतरपाट निघाला, माळा पडल्या, आणि भटजींनी विचारलं, "मुलीचा भाऊ कोण?" कानपिळीची वेळ होती. नवऱ्या मुलाचा कान भावाने पिळायचा आणि सांगायचं, माझ्या बहिणीला नीट ठेव. गोपिकाला भाऊ नव्हता. मग तिची आई रंभाबाई, बिचारी, खरंच मायेने म्हणाली, "हा काय, चंद्रभान आहे ना. साऱ्या नागपुरासमोर ओवायलं त्याले."

माणसांनी वाट करून दिली. चंद्रभान मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. तो आला. त्याला रीतीने टोपी आणि उपरणं दिलं, ते त्याने घेतलं. रुपरावच्या मागे उभा राहिला आणि त्याचा कान धरला. बायका हसायला लागल्या, जोरात पीळ म्हणाल्या. त्याच्याने पिळवला नाही. नुसता धरून राहिला आणि म्हणाला, "माह्या बहिणीले जप गा." एवढं बोलताना त्याची जीभ पहिल्यांदाच अडखळली. गोपिका खाली मान घालून बसली होती. हिरव्या चुड्यात मधोमध त्या लाखेच्या बांगड्या होत्या, भावाने दिलेल्या म्हणून कोणी काही म्हणू शकत नव्हतं.

पाठवणीच्या आधी चंपतरावांनी पाखऱ्याला दाव्यासकट आणून आमच्या गोठ्यात बांधलं. सासरे म्हणाले, "हे काय?" चंपतराव म्हणाले, "आता त्याले पाहाणारी गेली. तुमीच ठेवा. चांगली जमलेली जोडी फोडू नये, देवराव. पाप लागते." दोघा म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मी तिथे उभी होते. त्या क्षणी माझ्या हातात तवा नव्हता, हे दोघांचं नशीब.

मुलीला पहिल्यांदा सासरी पोचवायला भाऊ जातो. म्हणून दमणी, ती छपराची बैलगाडी, तीही चंद्रभाननेच हाकायची होती, चांद्या-पाखऱ्याची. रुपराव आणि वऱ्हाड पुढच्या गाड्यांतून निघालं. गोपिका दमणीत बसली, तिच्याजवळ पाठराखीण म्हणून मी. बैलांच्या पाठीवर त्याच लाल झुली. वेशीपर्यंत सगळं गाव चालत आलं. बाया रडत होत्या. चंपतराव वेशीच्या दगडापाशी थांबले, आणि पाखऱ्याही थांबला.

चंद्रभानने कासरा हलवला. पाखऱ्या उभा. तुतारी त्याने उचलली आणि खाली ठेवली. पुढच्या गाड्या नाल्यापलीकडे गेल्या होत्या, तिथून कोणी तरी हाक मारली, उशीर होतो म्हणून. एरवी तो म्हणाला असता, तुह्या राजाले सांग वं. या वेळी तो मागे वळलाच नाही. पाठ करून बसला होता आणि त्याची मान खाली गेली होती. नुसती वाट बघत होता. मलाही वाटलं, न बोलो ती. राहू दे बैल उभे, राहू दे आम्हाला इथेच, संध्याकाळ होऊ दे.

गोपिकाने माझा हात धरला होता, तो सोडला. पदराने तोंड पुसलं, पुढे वाकली, आणि चंद्रभानच्या खांद्यावरून बैलाला म्हणाली, "चाल माह्या राजा."

दोघांनी एकदम पाय उचलला.